दादाच्या डोक्यावरचे तीन मीटर

वायरिंगच्या दुकानात तुकडे फेकायचे नसतात. कधीतरी कामाला येतील म्हणून डब्यात टाकत जायचं, आणि एक दिवस बघावं तर डबा उतू चाललेला असतो. किस्स्यांचंही तसंच होतं. माझं सुरतेत उधन्याला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, गाडीत कॅसेटचा टेप असणं ही ऐट मानली जायची त्या काळात. तेव्हाचा माझा अर्धा डबा एकट्या दादाच्या पिकअपने भरलाय!

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही मूळचे धुळ्याकडच्या साक्री तालुक्यातले. आधी तो एका शेठचा ट्रक चालवायचा. एकदा सोनगढच्या पुढे इंजिनातलं ऑइल गळून गेलं. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा आधीच उडालेला, त्यामुळे दादाला पत्ताच लागला नाही आणि इंजिन जाम झालं. शेठ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भाई, तारी आंख क्यां हती?" तुझे डोळे कुठे होते?

ते दादाच्या जिव्हारी लागलं. नोकरी सोडून त्याने जुनी पिकअप घेतली आणि साड्यांचे गठ्ठे सुरतहून धुळ्याला न्यायला लागला. पहिल्याच दिवशी गाडी माझ्या दुकानासमोर लावून म्हणाला, "भाऊ, मीटर बसाड. आते इंजिन जाम व्हयनं, तर मी स्टिअरिंगले हात लावसू नही!"

तो हे गमतीने म्हणत नव्हता.

*

डॅशबोर्डवर जागा नव्हती. मग समोरच्या काचेच्या वर, ड्रायव्हरच्या डोक्यावर, प्लायवूडची पेटी ठोकली, तिला लाल रेक्झिन लावलं आणि तीन गोल मीटर बसवले. एक ऑइलचा, एक हीटचा, एक बॅटरीचा. काम झकास झालं होतं.

संध्याकाळी वहिनी गाडी बघायला आल्या. पेटीकडे बघून त्यांनी एकच विचारलं, "देवना फोटो कथा गया?"

देव त्याच जागेवर होते हे आम्ही दोघं साफ विसरलो होतो! मी पेटी पुन्हा उतरवली. मीटर बाजूला सरकवून मधोमध फोटोची जागा केली, तेव्हा कुठे नारळ फुटला.

*

ऑइलचा मीटर जुन्या पद्धतीचा होता. इंजिनातून बारीक नळी थेट मीटरपर्यंत यायची आणि तिच्यात खरंखुरं ऑइल असायचं. नळीचा नट मी नुसता हाताने आवळून जरा ढिला सोडला होता. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आला तो डोकं चपचपीत, केस मागे चापून बसवलेले. मी म्हटलं, "वा दादा, आज मालिश?"

"पार व्यारा गावपासून चालू शे," दादा म्हणाला. "आते पैलं नट कस!"

*

दादाची नजर सारखी वर. गिअर टाकला की वर, खड्डा आला की वर, कुणी हॉर्न मारला तरी आधी वर! एकदा पर्वत पाटियाच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, मागे रिक्षांचा आरडाओरडा सुरू, आणि दादा आपला पेटीकडे बघतोय. पोलीस खिडकीशी आला.

"काका, ऊपर शुं जुओ छो? सिग्नल तो सामे छे!"

दादा शांतपणे म्हणाला, "साहेब, ऑइल ऊपर छे!"

पोलिसाने वर बघितलं, दादाकडे बघितलं, आणि हात जोडून गाडी पुढे काढायला लावली.

*

आता अगरबत्ती. दादा रोज निघायच्या आधी देवाला अगरबत्ती लावायचा. खोचायला जागा नव्हती, म्हणून त्याने पेटीत हीट मीटरच्या वायरसाठी पाडलेल्या भोकातच ती खोचली! चालू गाडीत वायरचं कव्हर वितळलं, तार पत्र्याला टेकली आणि काटा सटकन शेवटाला गेला.

दादाने भर रस्त्यात गाडी बंद केली. बूथवरून त्याचा दुकानात फोन आला तसा मी सगळं टाकून धावलो. रेडिएटरला हात लावला तर थंडगार, आणि दादाला दरदरून घाम फुटलेला. "गेलं रे, इंजिन गेलं," एवढंच तो म्हणत होता. मला हसू येत होतं आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

*

वायर बदलली, पण तेव्हापासून इंजिनात बसणारा हीटचा बल्बही, म्हणजे इंजिन किती तापलं ते ओळखणारा सेन्सरही, बिघडला. खड्डा आला की काटा उडी मारायचा. दादा दोनदा भरल्या गाडीनिशी बारडोलीहून परत फिरला. साड्यांच्या व्यापाऱ्याने बजावलं, "हवे एक वार, तो बीजी गाडी!" पुन्हा एकदा असं झालं, तर तो दुसरी गाडी लावणार होता.

नवा बल्ब मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते. मग मी ते केलं, जे कुठल्याच वायरमनने करू नये. बल्बची वायर काढली आणि मध्ये एक रेझिस्टन्स जोडून दिला. आता इंजिन उकळो की गोठो, किल्ली फिरवली की काटा मधोमध उभा!

"नीट केला," मी दादाला सांगितलं.

दादा निवांत झाला आणि झोप माझी उडाली. गाडी खरंच तापली तर? काटा सांगणार नाही, दादा थांबणार नाही, आणि या खेपेला इंजिन माझ्या हाताने जाणार! दुकानात मला घडीभर चैन पडेना. सोल्डरिंग करताना बोट भाजून घेतलं. शेवटी दुकानाला कुलूप लावलं आणि दादाच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "धुळ्याला जरा काम आहे."

आठ दिवसांचा महिना झाला, बल्ब येईना. प्रत्येक फेरीला माझं धुळ्याला काम! गाडी थांबली की "पाय मोकळे करतो" म्हणून मी उतरायचो आणि गुपचूप रेडिएटरला हात लावायचो. दादा काही विचारत नव्हता. उलट शेजारच्या सीटवर एक उशी आली. वहिनींच्या डब्यात दोन भाकरी वाढल्या. नवापूरच्या अलीकडे दादा एकदा आपणहून म्हणाला, "दुकान टाकं तवयपासून तू कधी मनाजोडे दोन तास बठना नही." मी मान हलवली, पण लक्ष सगळं इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

*

अखेर बल्ब आला. मी सकाळी लवकर पान्हा घेऊन दादाच्या दारात हजर. म्हटलं, "पाच मिनिटं दे, हीट मीटरचा कॉन्टॅक्ट साफ करतो."

दादा चाकांत हवा बघत होता. मान वर न करता म्हणाला, "रातभर थंडी पडेल गाडीमा किल्ली फिरावताच काटा मधमा कसा ऱ्हास रे?"

मी पान्हा खाली ठेवला आणि खिशातला नवा बल्ब बाहेर काढला. थंड इंजिनाचा काटा तळाला असतो, हे मी शिकलो त्या पहिल्याच दिवसाचं ज्ञान!

"कधी कळलं?"

"दुसराच दिन. रोज तू उतरस तवय रेडिएटरले एक बाजूतून तुना हात, दुसरी बाजूतून मना."

"मग महिनाभर बोलला का नाहीस, दादा?"

दादाने माझ्या हातातून नवा बल्ब घेतला, उलटसुलट बघितला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मग शेजारच्या सीटवरची उशी झटकून म्हणाला,

"चाल, बठ. धुळाले तुनं काम शे ना!"