जटावाले बाबा आणि शांतवन सर

रिठ्याच्या पाण्याचा कडवट, ओलसर वास… शांतवन सर गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी तोच आठवला. कोपरगावच्या नदीकाठच्या बागेत, रविवारची प्रार्थना आटोपली की सर एका काळ्या दगडी अर्धपुतळ्याला त्या पाण्याने न्हाऊ घालत. अठराव्या शतकातल्या एका युरोपीय लेखकाचा तो पुतळा. दुसऱ्याच्या श्रद्धेला जगू द्या, हे सांगण्यात त्याचे आयुष्य गेले. सरांनी तो आम्हाला शाळेत शिकवला आणि निवृत्तीनंतर नगरपालिकेत खेटे घालून त्याचा पुतळा बागेत आणला. त्याचे नाव मात्र गावाच्या जिभेवर कधी बसले नाही.

दगडात कोरलेला त्याचा कुरळ्या केसांचा टोप बायकांना जटांसारखा वाटला. हळदीकुंकू आले, गुरुवारचा नारळ आला. एकदा मी पदराने कुंकू पुसू लागले, तर सरांनी हात अडवला. शेजारी उभ्या भाजीवाल्या ठकूबाईंना ते हसून म्हणाले, "जटा नाहीत हो त्या, टोप आहे."

"आसंल. आमाला बाबाच हाय त्यो. तुमी धुता, आमी कुकू लावतो. त्यो कुनाला न्हाई म्हनतोय का?"

त्यानंतर सर पाखरांची घाण तेवढी धूत. कुंकवाला त्यांचा हात वळसा घाली.

यंदा कुजबुज उठली : चर्चला जाणाऱ्या मास्तरांनी आपला संत बागेत बसवला, भोळ्या बायका भुलल्या. बागेच्या समितीची बैठक बसली. मी त्या समितीत होते. या लेखकाने जन्मभर आपल्याच धर्मगुरूंशी वाद घातला, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होते. एवढे एक वाक्य पुरले असते, कदाचित. पंख्याची घरघर ऐकत मी बसून राहिले. पुतळा हलवायच्या ठरावाचा कागद समोर आला, तेव्हा सही केली… पुतळा पाण्याच्या टाकीमागे, खताच्या पोत्यांत गेला.

त्याच संध्याकाळी सरांकडे गेले. ते अंथरुणाला खिळले होते. पुढे आठच दिवस जगले. ठराव कोणी मांडला, कोण हसले, कोण काय म्हणाले, सगळे मी सांगत गेले. सर डोळे मिटून ऐकत होते. आजही मी त्या घरी जाते, रिकाम्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसते, आणि त्यांनी त्या संध्याकाळी विचारलेला प्रश्न पुन्हा ऐकते. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. डोळे उघडून, तपासायला घेतलेल्या वहीकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले,

"तू बोललीस?"