माळ्यावरून काढलेला फोटो

पत्रकासाठी फोटो काढायचा तर खाली बसून काढायचा, हे मी चळवळीत शिकले. खालून काढला की माणूस मोठा दिसतो, मागे आभाळ येतं. मोर्चाला ते ठीक आहे. धानाला नाही, हे कळेपर्यंत माझ्यापायी एका बाईंची कापणी अडली.

सिंदेवाहीकडच्या त्या गावात रानडुकरांनी बाईंची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, मधोमध लोळवून टाकली होती. भरपाईच्या अर्जाला फोटो लागतो. मी शहाणी, धुऱ्याखाली, म्हणजे शेताच्या बांधाखाली, उकिडवी बसले. सरकारी फोटो म्हणजे नीटनेटकं दिसायचं, म्हणून बाई ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि नेमक्या पडलेल्या धानापुढे ताठ उभ्या राहिल्या. सरका म्हणायचं मलाही सुचलं नाही. फोटो इतका झकास आला की पत्रकावर छापावा.

कार्यालयातल्या बाबूने तो पाहिला आणि म्हणाला, "बाई मस्त आल्या. पण पीक तं उभंच दिसते ना, मॅडम."

मी त्याच्याशी हुज्जत घातली, आवाज चढवला, अर्ज घेऊन परत आले. वाटेत फोटो पुन्हा पाहिला. बाबू खरं बोलत होता, याचाच जास्त संताप आला. कडेची लोंबं भिंतीसारखी उभी होती आणि मधला सत्यानाश त्या भिंतीमागे लपला होता.

दुसऱ्यांदा धुऱ्यावर उभं राहून काढला. तीच भिंत, जरा बुटकी. तिकडे बाईंचं धान पिकून झडायला लागलेलं. कापलं तर पुरावा जातो, ठेवलं तर उरलंसुरलं जातं. आणि मी कोन शोधत फिरतेय!

शेवटी बाईच वैतागल्या. राखणीच्या माळ्याकडे, म्हणजे शेतातल्या मचाणाकडे, बोट दाखवून म्हणाल्या, "डुकरं मी तिथून पाह्यली पोरी. तू खालून काय पाहून राह्यली?"

चढले. वरून अख्खी बांधी दिसली, कोणी मधे गाद्या टाकून लोळल्यासारखी. बाई एका कोपऱ्यात, बोटाएवढ्या. फोटो काढला. बाई माळ्याखाली आल्या तेव्हा खाली वाकून त्यांना मोबाईल दाखवला.

"मी कुठी आहो यात?"

दाखवलं.

"असू दे. धान दिसते ना?"

तिथूनच बाबूला पाठवला. उत्तर आलं: चालते, हाच आधी काऊन नाई आणला? मी लांबलचक जवाब लिहिला आणि पुसला. उतरून पाहते तर बाईंनी लुगड्याचा काष्टा खोचून विळा लावलेला. बाबू काय म्हणाला, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.