डोंगराचं न्हाणं

“गाडी काय तुमच्या सासऱ्यानं घेऊन ठेवलीय व्हय, तुमच्यासाठी उभी ऱ्हायला? चढा म्हणते ना!”

माय एसटीच्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन अण्णांवर ओरडत होती. रागाच्या भरात तिनं स्वतःच्याच बापाला गाडीचा मालक करून टाकलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिचा आवाज असा, की वाडीत हाक मारली तर कन्नडच्या बाजारातली गिऱ्हाइकं ‘आलो, आलो’ करत उठायची. टपावर आमचं जातं, दोन पेट्या आणि मोडून बांधलेली बाज चढली होती. आत माझी नवी बायको हिरवा चुडा पदराखाली झाकून बसली होती. कंडक्टर घंटा मारून दमला. अण्णा मात्र फुफाट्यात पाठमोरे उभे, डोंगराकडं तोंड करून. डोंगर काळा होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, तव्याच्या बुडासारखा. शेवटी ड्रायव्हरनं गाडी हलवली तेव्हा ते चढले, माझ्या शेजारी टेकले आणि म्हणाले, “मागं बघू नको.”

मी अर्थातच बघितलं.

वाडीत राहिलेल्यांनो, आणि आमच्या पुढंमागं त्याच गाडीनं निघून औरंगाबादेत पांगलेल्यांनो, हे तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी लिहितोय. तेव्हा औरंगाबादच होतं. आता पाटी बदलली, पण आमच्या गल्लीतला खड्डा जुनाच आहे, त्याचं बारसं अजून व्हायचंय. नारायण सांगायला लागला की निम्मं पाखडून टाकायचं, हा तुमचा रिवाज मला ठाऊक आहे. या वेळीही सूप हाताशी असू द्या. फक्त एक गोष्ट पाखडू नका. तो डोंगर आमच्या अण्णांनी पेटवला होता. तुम्ही कुणी विडी ओढणाऱ्यांना शिव्या दिल्या, कुणी मोहाची फुलं वेचणाऱ्यांना, कुणी खानदेशातल्या गुराख्यांना. काडी अण्णांची होती. अण्णा आता नाहीत. जायच्या आधी ‘आता लपवू नको’ एवढंच म्हणाले.

आपला डोंगर जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाचा, आणि त्याला जळायची खोड जुनी. पोलिस ॲक्शननंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मोठा वणवा झाला. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण तो इतक्या वेळा सांगितलाय की माझ्याच मिशा त्यात करपल्या असं वाटतं. निजामाचे जंगलरखवालदार पळालेले, नवे आलेले नव्हते. जंगल कुणाच्या बापाचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, मग ज्याला जिथं शेत काढायचं होतं त्यानं तिथं काडी लावली. आज्जा सांगायचा, त्या उन्हाळ्यात विडी शिलगवायला काडी लागत नव्हती, दारातून हात बाहेर काढला की झालं. कुंडातला मासा वर काढला की मीठ तेवढं लावायचं राहायचं. खाली खानदेशात बाया त्याच्या उजेडात ज्वारीतले खडे निवडायच्या. दुसरा मोठा वणवा दुष्काळातला. सगळी वाडी खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलेली, विझवणार कोण? तो वणवा स्वतःच कंटाळून विझला, कारण जाळायलाही काही उरलं नव्हतं.

तिसरा आमचा.

माझ्या नातवंडांना हे पटत नाही म्हणून उलगडून सांगतो. आपल्याकडं डोंगराला न्हाऊ घालायचा नवस असतो. माझ्याआधी मायची दोन लेकरं गेली होती. मी पोटात असताना अण्णा बोलून बसले, हे जगलं तर डोंगराला न्हाऊ घालीन. न्हाणं म्हणजे आग. वाळकं गवत जळावं, पावसाळ्यात नवं दाट यावं, डोंगर धुतल्यासारखा व्हावा. आणि त्याची रीत ठरलेली. न्हाणं डोक्यावरून घालायचं. माथ्यावर काडी लावली की आग उताराला बिचकत बिचकत, म्हाताऱ्या माणसासारखी खाली येते. खाली माणसं पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन उभी असतात, ती तिला जिथल्या तिथं झोडपून बसवतात. पायथ्याशी लावली तर ती धावत सुटते. हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

पण नवस फिटायचा राहिला. कधी पाऊस लवकर आला, कधी आलाच नाही. पुढं जंगलखात्यानं बंदी घातली आणि माथ्यावर मचाण बांधून उन्हाळाभर धूर बघायला माणूस बसवला. तो माणूस केरबा. अण्णांचा लंगोटीयार, दोघांत मिळून तंबाखूची एक चंची. माझं लग्न ठरलं तशी मायनं अण्णांना टोचायला सुरुवात केली. “हळद लागायच्या आधी फेडा. नवस अंगावर ठेवून पोरगं बोहल्यावर चढवता व्हय?”

माथ्याची वाट केरबाच्या मचाणाखालून जाते. अण्णा दिसले असते, तर केरबाला एक तर दोस्ताला अडवावं लागलं असतं, नाहीतर नोकरीशी बेइमानी करावी लागली असती. त्याला पेचात टाकायला नको म्हणून अण्णांनी बाजारचा दिवस धरला. केरबा बाजाराला उतरलेला असणार. तरी वाटेत गाठ पडली तर काय सांगायचं, या भिडेनं ते वर गेलेच नाहीत. माणसं गोळा करायची तर बोभाटा होणार, म्हणून कुणाला हाकही मारली नाही. एकटेच पायथ्याशी बसले, डोंगराच्या पाया पडले आणि काडी ओढली. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या वाडीत ती वणव्याची माय निघाली.

त्या दिवशी केरबा बाजाराला गेला नव्हता.

एरवी इथं मी आगीला शिंगं लावली असती, शेपूट लावलं असतं. ते होत नाही. वारा खालून होता. आग वर गेली, धारेवरून पलीकडं उतरली. आम्ही डहाळ्या घेऊन धावलो, पण धावून गाठायचं कुणाला? तिचा आवाज लांबून येणाऱ्या पावसासारखा होता, म्हणून गोठ्यातल्या गाई कान टवकारून वर बघत राहिल्या. वानरं खाली गावात आली आणि पारावर माणसांच्या शेजारी गुमान बसून राहिली. हे खरं आहे, तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. दिवस कलताना पलीकडच्या लोकांनी केरबाला घोंगडीत घालून आणलं. आधी त्यानं एकट्यानं आग झोडपली होती, मग माथ्यावरच्या खडकात कोरलेल्या टाक्यात गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिला होता. जीव वाचला. हातांची बोटं एकमेकांना चिकटली, ती तशीच राहिली.

जंगलखात्याचे साहेब आले. पारावर सगळी वाडी उभी.

“कुणी लावली?”

“दिसलं नाय, साहेब,” केरबा म्हणाला.

“तुला वर कशाला बसवलं होतं मग?”

“डोळा लागला व्हता.”

ऊनच तसं होतं, सगळ्यांनी खरं मानलं. मीही मानलं. केरबाला कामावरून काढलं. कुणी कबूल होईना म्हणून डोंगरावर चराई बंद झाली आणि दावणीची गुरं एकेक करून बाजारात गेली. अण्णा त्या गर्दीत माझ्या पुढंच उभे होते. त्यांची मान बोलायला वर झाली आणि खाली गेली. घरी येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं, “काडी माझी. केरबाला सांगायला पायजे.” आणि मग सांगितलं नाही. रोज सकाळी चंची घेऊन निघायचे, केरबाच्या कुडापर्यंत जायचे, त्याचे फडक्यात गुंडाळलेले हात लांबून बघायचे आणि परत यायचे. माझं लग्न वाजंत्रीशिवाय उरकलं. त्यानंतर आम्ही त्या गाडीत बसलो.

शहागंजात घड्याळाच्या पलीकडच्या गल्लीत गफूरचाचांची लाकडाची वखार होती. तिथं बापलेकांना काम मिळालं. वाडीत उजाडलं की गवताचा वास यायचा, इथं भुशाचा. हळूहळू माझ्या ‘नाय’चं ‘नक्को’ झालं आणि ‘व्हय’चं ‘हौ’. माय मात्र शेवटपर्यंत तिच्याच बोलीत बोलली, आणि गल्लीतल्या साऱ्या खाला, म्हणजे मुसलमान मावश्या, तिच्याशी बोलून बोलून ‘काय गं बाई’ म्हणायला शिकल्या. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडं यायचा, पोळ्याच्या पुरणपोळ्या तिकडं जायच्या. बैल नसलेला पोळा. माय पाटावर मातीचे बैल मांडायची, अण्णा त्यांच्याकडं पाठ करून जेवायचे.

मी वखारीत गिऱ्हाइकांना वणवे विकायचो. आमच्याकडं आग अशी, की वाघ शेपूट विझवायला आमच्या रांजणाशी रांगेत उभे राहायचे, आणि माय त्यांना नंबरानं सोडायची. लोक लाकूड घ्यायला यायचे आणि तास घालवून जायचे. एकदा चाचा म्हणाले, “क्यों रे नारायण, तेरे बाबा कुछ बोलतेच नईं. तू बोले तो रुकता नईं. पूरे घर का हिस्सा तूच बोलता क्या?”

मी हसलो, पण ते हसून विसरता आलं नाही. चाचांना नेमकं दिसलं होतं. वणवा जितका मोठा करून सांगावा तितकी काडी लहान होत जाते. वाघ, मासे, खानदेशातल्या बाया, एवढी गर्दी मी त्या डोंगरावर जमवत होतो, ती पायथ्याशी बसलेला एक माणूस कुणाला दिसू नये म्हणून.

मग खात्याच्या लिलावातला जळका साग वखारीत आला. आपल्याच डोंगराचा. ओंडका आडवा कापला तर आतल्या कड्यांमध्ये काळे डाग दबलेले, जुनी जखम वरून भरून यावी तसे. मी गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायला लागलो. हा सगळ्यात आतला, निजाम गेल्यानंतरचा. हा दुष्काळातला. आणि सगळ्यात बाहेरचा डाग तर सालीवरच होता. त्याला आत जायला झाडाला दिवसच मिळाले नव्हते. अण्णा करवतीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी हात पुसले. “हे माझ्यानं व्हायचं नाय, चाचा. दुसरं द्या,” म्हणाले. तो ओंडका पुष्कळ दिवस भिंतीशी पडून होता, मांजरं त्यावर झोपायची.

आता वखार नाही, तिथं मोबाईलची दुकानं आहेत. पोरगा वाळूजला कंपनीत आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, स्वयंपाकघरात आग निळी आणि बटणावर. आपल्याकडचे वणवे आता फोनवर येतात. फाल्गुन लागला की कुणीतरी पाठवतंच, कधी आपला डोंगर, कधी अजिंठ्याकडचा, फर्दापूरच्या वरचा. अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या नातवानं त्यांना असाच एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. “वरनं लावली का खालनं?” एवढंच विचारलं. नातवाला काय कळणार? दुसऱ्या दिवशी चहाची बशी खाली ठेवून अण्णा म्हणाले, “मला केरबाकडं न्या.”

पोराच्या गाडीतून गेलो. घाट चढताना माझ्या मनात आलं, इतकी वर्षं शहरात काढली, रेशनकार्ड इथलं, मायची राख इथली, तरी ‘घर’ म्हटलं की जीभ तिकडंच का वळते? शहरात माझं सगळं खपतं. लोक हसतात आणि पुढं जातात, मी खरं बोललो काय अन् थाप मारली काय, त्यांचं काही अडत नाही. वाडीत मला पाखडून घेणारी माणसं आहेत. दाणा कुठला आणि फोल कुठलं हे ज्यांना न सांगता कळतं, त्यांच्यासमोर उभं राहायची भीती वाटते, ते घर. अण्णा शेजारी बसले होते. त्यांच्या मांडीवर चंची होती.

केरबा दारातल्या बाजेवर बसला होता. त्यानं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. बोटं तशीच, सुकलेल्या शेंगेसारखी एकात एक.

“कोण? नाराण्याचा बाप का? मला वाटलं, कवाच गेलास तू.”

“तुझ्या आधी कसा जाऊ? वाट पुसायला कुणी नको का पुढं?”

“शेरात ऱ्हाऊन उजळलास की रं. सुनंची पावडर लावतोस व्हय?”

“तू तर अजून तसाच दिसतोस. तवाबी बेकारच दिसायचास.”

दोघं खोकत खोकत हसले. केरबाच्या सुनेनं पाणी दिलं, मग सासऱ्यासाठी तंबाखू मळून त्याच्या तळव्यावर ठेवली. बोटांनी मळणं त्याला जमत नाही. अण्णा ते बघत होते. समोर डोंगरावर कमरेएवढं गवत वाळून उभं होतं. अण्णांनी चंची बाजेवर केरबाच्या शेजारी ठेवली. 

मग अण्णा म्हणाले, “केरबा, त्या दिशी काडी म्या लावली. पायथ्याला बसून. तू बाजारला गेलास असं वाटलं मला. तुझी नोकरी गेली, हात गेले, आन् म्या तोंड उघडलं नाय.”

केरबानं तळवा तोंडाशी नेला, तंबाखू दाढेखाली सरकवली.

“दिसला व्हतास की,” तो म्हणाला. “वरनं समदं दिसतं.”