शेळी देऊन आणलेला तांदूळ

खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या आचाऱ्याने मला फसवले. लढाईच्या दिवसांत रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, ती माझ्या आजारी आईला पचत नसे. तिला आंबेमोहोराचा मऊ भात हवा होता. आचारी म्हणाला, "पोतंभर आहे, पण तुमची दुभती शेळी द्यावी लागेल."

सौद्यात मला कोणी बनवू शकत नाही, असा माझा लौकिक होता. तो मीच पसरवला होता. "नुसत्या दाण्यावर माझा भरवसा न्हाई, शिजवून दाव," मी दरडावले. त्याने निमूट शिजवला; तोवर मी वर एक नारळ हवा म्हणून भांडत होतो. काय तो घमघमाट! तरी मी तोंड वाकडे करून तो नारळ त्याच्याकडून उकळला आणि शेळी देऊन ऐटीत घरी आलो.

घरी त्याच तांदळाला कसलाच वास येईना. आई म्हणाली, "वास कुटं गेला रे? शेळीसंगं गेला व्हय?"

पुढे कळले, आचाऱ्याच्या परसात भाताला वास आणणारे झाड होते. मी नारळासाठी भांडत असताना त्याने पातेल्यात त्या झाडाचे पान टाकले होते.

माझ्या अकलेचा जाब मी देतो. पण आजारी बाईच्या तोंडचे दूध गेले, त्याचा जाब आचाऱ्याने माझ्यासमोर येऊन द्यावा.