परमुलखातली इर्जिक

धाडहून एसटी हलली तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, खिडकीतून हात घालून माझा खांदा दाबला. "पैसे कमी पडले त तार करजो. उपाशी राहू नको बे." मी मान डोलावली, पण मनाशी ठरवलं, मरण पत्करीन, तार करणार नाही!

मलकापूरहून रेल्वे, मुंबईहून बोट. पहिले तीन दिवस नुसत्या ओकाऱ्या. शेवटी जर्मनीतल्या एका डोंगराकडेच्या गावी पोचलो. तिथे भाषा शिकायची. पहिल्या सत्राची फी आबांनी भरली होती. दुसऱ्याची मीच कमवायची होती. फीची पावती नसेल तर विद्यार्थी व्हिसा वाढत नव्हता. मग गुंडाळा वळकटी आणि चला घरी!

वर्गानंतर काही तास काम करायची परवानगी होती. संध्याकाळी खानावळीत भांडी घासायचो, तरी कमी पडायचं. म्हणून भाषेच्या मास्तरांनी शनिवारी एका विधवा शेतकरणीच्या वावरात बटाटे काढायला पाठवलं. बाई उंच, आवाज खणखणीत. वावरात सात-आठ माणसं वाकलेली. दुपारी सगळ्यांना एकाच लांब टेबलावर बसवून तिनं स्वतः बटाट्याचं सूप आणि काळा पाव वाढला. मी मनात म्हटलं, अरे, ही तर आपली इर्जिक! (अडल्या शेतकऱ्याच्या वावरात गावानं मिळून राबायचं, घरधन्यानं जेवू घालायचं, मजुरीचं नाव नाही.) आता एकट्या बाईकडे पैसे कोणत्या तोंडानं मागू?

संध्याकाळी बाकीचे गोठ्याकडे वळले. मी हात धुऊन, छाती पुढे काढून खोलीवर आलो. असे तीन शनिवार गेले. वावर अर्धं सोडणाऱ्याला आमच्याकडे पुन्हा कोणी बोलवत नाही, म्हणून चौथ्यालाही गेलो. सोमवारी फीची मुदत संपत होती. आबांना करायच्या तारेचा मजकूर खिशात होता. लाज वाटत होती.

काम संपलं आणि बाईनं वाट अडवली. टेबलावर तीन पाकिटं आपटली. "माझ्या पैशांचा तुला विटाळ वाटतो का?"

मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी इर्जिक समजावली. ती मटकन बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अरे वेड्या, हे सगळे मजूर आहेत! संध्याकाळी गोठ्यापाशी मजुरी घेतल्याशिवाय एकही हलायचा नाही."

"पण जेवण?"

"उपाशी माणूस बटाटे काढील का?"

तीन पाकिटं मी घेतली. ती चौथं भरू लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. "आजची इर्जिक." मातीनं माखलेल्या हातानं तिनं माझा हात घट्ट दाबला. सोमवारी फी भरली आणि तारेचा कागद फाडला. काय ऐट होती माझी त्या दिवशी!

दोन वर्षांनी धाडला उतरलो तो थेट वावरात गेलो. आबा चार शेजाऱ्यांसोबत बांधावर भाकर खात होते. मी सगळी हकिगत सांगितली.

"म्हंजे तू तिथं मजुरी केली?" आबांनी विचारलं.

"हो, आबा. भांडीबी घासली."

मग शेजाऱ्यांकडे वळून ते मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का बे? याच्या पैशाच्या तारेसाठी दोन वर्षं पोस्टात चकरा मारल्या म्या. आलीच नाही!"

अर्धी भाकर मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. जर्मनीचं सर्टिफिकेट पिशवीतच राहिलं, कोणी मागितलंही नाही.