गोदावरी अरबी समुद्राला मिळते

लेखनिक निवडताना बाई आधी खोटं सांगत. बाई म्हणजे नाशिकच्या आमच्या अंध मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. तिथं दहावीच्या मुलीचा पेपर लिहायला नववीतली डोळस मुलगी लागे. लेखनिक खालच्या इयत्तेचाच हवा, असा नियम होता. आलेल्या मुलींना ओळीनं बसवून बाई म्हणत, "लिहा. गोदावरी अरबी समुद्राला मिळते." गोदाकाठच्याच मुली त्या. कुणी खुदकन हसे, कुणी "बाई, चुकलं" म्हणे, एखादी गुपचूप बंगालचा उपसागर लिहून मोकळी होई. या सगळ्यांना बाई चहा-बिस्किटं देऊन घरी पाठवत. माझ्या वर्षी चांदवडकडच्या सुनंदानं तेवढं जसंच्या तसं लिहिलं. ती मला मिळाली.

"आंधळ्यांचे पेपर लेखनिकच लिहितात," असं तेव्हा, नव्वदच्या दशकात, सर्रास बोललं जाई. आम्हाला मिळणारा जादा वेळही लोकांच्या डोळ्यांत सलायचा. बाई कुणाशी भांडायच्या नाहीत. "पोरींनो, चुका स्वतःच्या करा," एवढंच आम्हाला म्हणायच्या.

भूगोलाच्या पेपरात मी ठासून सांगितलं, काळी मृदा जांभ्या खडकापासून बनते. सुनंदाचं पेन थबकलं. काहीतरी चुकलंय हे मला कळलं, पण काय ते सुचेना. मग पेन पुढे सरकलं.

बाहेर येताच ती रडायला लागली. "ताई, बेसाल्ट. मला येत व्हतं. आमचं वावरच काळं हाय. पन बाईंनी बजावलं व्हतं."

मला तिचा रागच आला. बाई तिला म्हणाल्या, "येत असून हात आवरलास. शाबास." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही माझ्यासाठी नव्हता. मला म्हणाल्या, "गेला तो गुण तुझा. म्हणजे मिळतील तेही तुझेच."

पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलंच, "हे मार्क तुमचे की लेखनिकाचे?" मी काळ्या मृदेची गोष्ट सांगितली. साहेब हसले. नोकरी लागली.

बाई गेल्या तेव्हा वसतिगृहानं शोकसभेसाठी चार ओळी मागितल्या. मी सांगत होते, ऑफिसातली एक मुलगी लिहीत होती. तिनं वाचून दाखवलं तेव्हा मध्येच 'प्रेमळ' निघालं.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"असू द्या ना मॅडम, चांगलं वाटतं."

"खोड ते. कडक होत्या, असं लिही."

तिनं खोडलं. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.