जहाजावर ऐकू आलेला माझा आजार

"काका, ही कवटीला लागून चंद्रकोरीसारखी पट्टी दिसतेय ना, ते रक्त आहे," लातूरचे डॉक्टर स्कॅनवर बोट ठेवून म्हणाले.

निलंग्यात माझं मोटार-पंपांचं दुकान आहे. मला वाटलं, कुणाच्या तरी मोटारीचं वायंडिंग जळालंय आणि हा माणूस दाखवायला आलाय. मी म्हणालो, "ठेवून जा, उद्या बघतो." माझी बायको महादेवी रडायला लागली. हे मला आठवत नाही, तिनेच नंतर सांगितलं. पुढचंही बरंचसं असंच ऐकीव आहे, कारण ज्या डोक्याने लक्षात ठेवायचं तेच बिघडलं होतं.

आजाराचं नाव क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू झिरपून साचलेलं रक्त. मार लागल्यावर महिनाभराने, तोवर आपण तो विसरलो असताना, हे डोकं वर काढतं. वय झालेलं असलं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली की धोका जास्त. मी दोन्हीत बसत होतो.

मार कसला लागला, हे बराच वेळ कुणाला आठवेना. मग महादेवीला आठवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, अर्धवट उघडलेल्या शटरखालून वाकून जाताना मी डोकं आपटून घेतलं होतं. टेंगूळ आलं, तिने हळद लावली, विषय संपला.

"त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन-तीन दिवस झाले," महादेवी म्हणाली. मग म्हणाली, "पण पोरगी म्हणते, पंधरा दिवस."

ही पोरगी म्हणजे आमची गिरिजा. नौदलात आहे, जहाजावर. जहाज नेमकं कुठे असतं ते आम्हाला कळत नाही. विचारलं तर "पाण्यावर हाय, अप्पा" एवढंच सांगते. किनाऱ्याजवळ आलं तर फोन लागतो, नाहीतर दिवसच्या दिवस नाही. म्हणून मी रोज दुकान बंद करताना तिला एक व्हॉइस मेसेज पाठवायचो. रेंज येईल तेव्हा ती सगळे ऐकायची.

त्यात घराचा एक नियम होता आणि तो मीच घातलेला. वाईट काही सांगायचं नाही. तिला तिकडून काही करता येत नाही, मग तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा? तिची मावशी वारली तेही आम्ही ती सुट्टीवर आल्यावरच सांगितलं होतं.

यंदा बावीस दिवस तिला रेंज नव्हती. त्या दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं. मी दोष चष्म्याला दिला आणि नवा करून घेतला. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा दुरुस्त केलेला पंप देऊन टाकला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाजारात गेलो. दुपारी जेवता जेवता झोपू लागलो. महादेवीला वाटलं, वय झालं. रोज समोर असलेलं माणूस थोडं थोडं बदललं तर कळत नाही, त्यात तिचा दोष नाही. नियमाप्रमाणे तीही रोज सांगायची, "अप्पा मजेत हायत."

तेविसाव्या दिवशी सकाळी गिरिजाच्या फोनला रेंज आली. तिने माझे बावीसच्या बावीस मेसेज एका दमात ऐकले आणि लगेच आईला फोन लावला.

"अव्वा, अप्पांना आत्ताच्या आत्ता लातूरला घेऊन जा. डोक्याचा फोटो काढा."

"अगं, उन्हानं झालं असंल. तू नको काळजी करू."

"अव्वा, आठव्या दिवसापास्नं अप्पा बिघडलेत. मी ऐकलंय. माझी रेंज तासाभरात जाईल, त्याच्या आत मला ते गाडीत पाहिजेत."

मी काही गाडीत बसायला तयार नव्हतो. दुकान कोण बघणार, म्हणून उंबऱ्यावर ठाण मांडून बसलो. महादेवीने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "अप्पा, उठा. गाडीत बसा." विनवणी नव्हती, हुकूम होता. माझ्याशी या घरात असं कुणी कधी बोललेलं नाही. मी उठलो आणि मुकाट बसलो. वाटेतलं औसा यायच्या आत तिचा फोन लागेनासा झाला.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. त्याला बर होल म्हणतात. कवटीला छोटी छिद्रं पाडायची आणि साचलेलं रक्त नळीने काढून टाकायचं. डॉक्टर महादेवीला म्हणाले, "आठवडाभर उशीर झाला असता तर बेशुद्धच आणलं असतं तुम्ही यांना."

ऑपरेशननंतर काही दिवस मी आणखीच भ्रमात होतो. याला डेलिरियम म्हणतात. तात्पुरता गोंधळ असतो, ओसरतो. पण जो त्यात असतो त्याला ते कोण सांगणार? खिडक्या नसलेली ती खोली मला जहाज वाटत होती. मी सिस्टरला विचारायचो, "किनारा कधी येणार?" एकदा महादेवीला म्हणालो, "बाई, तुम्ही कोण? इथं बायकांना सोडत न्हाईत."

ती बाहेर जाऊन खुर्चीवर बसली. गिरिजाला कळवायचं तरी काय? तीनदा मेसेज बोलली, तीनदा पुसून टाकला. चौथ्यांदा आमचा नियम मोडला. "गिरी, ऑपरेशन झालं. पण अप्पा मला वळखत न्हाईत. मला लई भ्या वाटायलंय."

एकच टिक आली, म्हणजे मेसेज तिला पोचला नव्हता. नऊ दिवस ती एकच राहिली. पोर पाण्यात एकटी आणि आपण हे काय बोलून बसलो, म्हणून महादेवी स्वतःला खात राहिली.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी ताळ्यावर आलो. घरी आल्यावर माझे बावीस मेसेज ऐकले. पहिल्या सातात मी आहे. आठव्यात शेजाऱ्याच्या म्हशीची एकच गोष्ट दोनदा सांगितलीय. पंधराव्यात गिरिजालाच विचारतोय, "गिरी शाळेतनं आली का?" विसाव्यात नुसता दुकानाचा पंखा ऐकू येतो आणि मधेच मी म्हणतो, "काय म्हणत होतो मी?" तो माणूस मजेत होता, त्याला काहीच कळत नव्हतं. म्हणून सांगतो, घरातलं म्हातारं माणूस अचानक गोंधळायला लागलं तर वयावर ढकलू नका. महिना-दीड महिन्यात कुठे डोकं आपटलं होतं का, ते आठवा आणि डॉक्टर गाठा.

महादेवीच्या मेसेजनंतर दहाव्या दिवशी गिरिजाचा फोन आला. मी "गिरी" म्हणालो. "वळखलंत मला, अप्पा," ती म्हणाली.

"अव्वाच्या मेसेजनं घाबरवलं का गं तुला?" मी विचारलं.

"घाबरले. पण अप्पा, घरनं पहिल्यांदा मला कुणीतरी खरं सांगितलं." मग हळूच म्हणाली, "मी पण तुमाला खोटंच सांगत आले. जहाजावर पहिले दोन महिने अन्न पोटात ठरत नव्हतं. रडायचे, तोंड धुवायचे आणि तुमाला म्हणायचे, मजेत हाय."

तिचं ते 'मजेत हाय' मी तेव्हा ऐकलं होतं आणि मला काहीच कळलं नव्हतं. त्या वेळी दोष डोक्याचा नव्हता.